शिकारकोठीचा दरवाजा

फार जुन्या काळी घनदाट रानात एका राजाची शिकारकोठी होती. तिच्या सागवानी दरवाज्याचा तोरा काय सांगावा! "राजा आला की मी सताड उघडतो," असं तो ओसरीवरच्या खुंटीला उठताबसता ऐकवायचा. खुंटी बिचारी मुकाट्यानं राजाची बंदूक पेलायची.

पुढे राजे गेले, लाकडाचे ठेकेदार आले. खुंटीवर कुऱ्हाडी लटकल्या. मग रानाचं अभयारण्य झालं, कोठीत वनरक्षक मंजुळाबाई मडावी राहायला आल्या आणि खुंटी रिकामी झाली. दरवाज्याचा तोरा मात्र तसाच, कारण आता पाहुणे मोटारी भरभरून येत.

एका उन्हाळ्यात शिंजीर पाखरांच्या अंगठ्याएवढ्या जोडीनं त्या खुंटीला घरटं टांगलं. दरवाजा धाडकन आपटला की घरटं हिंदकळे. आतली दोन अंडी आता पडतात की मग, असं होई.

मंजुळाबाईंनी दरवाज्याला कडी घातली. तेवढ्यात वनखात्याचे बडे साहेब आले.

"साहेब, मागच्या दारानं या, सयपाकघरातून," त्या म्हणाल्या.

साहेब टोपी काढून, मान वाकवून मागनं आत गेले.

दरवाजा चरफडला. "राजासाठी उघडणारा मी, आणि या चिमुरड्यांसाठी बंद?"

खुंटी म्हणाली, "अरे, पाहुण्यासाठी दार उघडतात. लावून घेतात ते घरच्यांसाठी."

संध्याकाळी वादळी वारा सुटला, तेव्हा दरवाज्यानं सगळी ताकद लावून कडी धरून ठेवली. इतका ताठ तो राजासमोरही कधी उभा राहिला नव्हता.