धार गेल्यानंतर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक शिष्या आपल्या गुरूंच्या डोळ्यांदेखत सुऱ्या विकायला उभी राहिली. तिचं नाव निरुपमा. लहानपणी ती गुरुजींकडे पाठांतराला जात असे. पुढे पतसंस्थेत नोकरीला लागली आणि नुकतीच ती नोकरी सोडून एका कंपनीच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घरोघर जाऊन विकू लागली होती. सासरी हे कुणालाच रुचलं नव्हतं. "आता दारोदार हिंडणार का?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तिनं मान ताठ करून उत्तर दिलं होतं, "बघाच तुम्ही!"

त्या दिवशी मंदिराच्या सभामंडपात महिला मंडळ जमलं होतं. गुरुजींच्या प्रवचनाआधीचा थोडा वेळ निरुपमाला मिळाला होता. एवढ्या बायकांसमोर ती प्रथमच उभी राहत होती. पण एकदा तोंड उघडलं मात्र, शब्द आपोआप धावू लागले. तिनं सुरीनं जाड दोरखंड सपकन कापला, चामड्याचा पट्टा कापला, आणि टोमॅटोच्या चकत्या तर अशा पातळ पाडल्या की त्यांतून बोटं दिसावीत. बायका माना उंचावून पाहू लागल्या.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सांगू का? हिला धार लावावीच लागत नाही. जन्मात कधी नाही!"

"अगं बाई, खरंच?" मंडळाच्या अध्यक्षा कुमुदवहिनी पुढे सरकल्या. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी अर्धा बाजार पालथा घालणाऱ्या या बाई, त्याही म्हणाल्या, "माझा एक संच धर गं." मग काय विचारता! "माझाही", "मलाही" असा एकच गलका उठला. निरुपमाचा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात खांबाशी बसलेले गुरुजी उठले. "बघू ती सुरी," ते म्हणाले.

तिनं मोठ्या अभिमानानं मूठ त्यांच्याकडे करून सुरी दिली. गुरुजी मंडपाच्या दगडी पायरीपाशी गेले, वाकले, आणि सुरीची धार त्यांनी दगडावर खर्रकन ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा. अंगावर काटा यावा असा तो आवाज होता.

"आता काप टोमॅटो," सुरी परत देत गुरुजी शांतपणे म्हणाले.

निरुपमानं सुरी टेकवली. टोमॅटो कापला गेला नाही, चेंगरला. रस तिच्या साडीवर उडाला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"गुरुजी, हे काय केलंत?" तिनं विचारलं. "दगडावर घासल्यावर कुठली सुरी टिकेल?"

"कुठलीच नाही. मग 'जन्मात धार लावावी लागत नाही' हे तू कशावरून सांगितलंस?"

"कंपनीनं शिकवलंय तसं."

"तू स्वतः घरी वापरली आहेस?"

निरुपमानं मानेनंच नाही म्हटलं. तिच्या घरी भाजी अजून विळीवरच चिरली जात होती. सुऱ्यांचा संच मखमली पेटीतून निघे तो केवळ प्रात्यक्षिकापुरता.

"धार लावायचा दगड आहे का कुणाकडे?" गुरुजींनी विचारलं. कुमुदवहिनींचं घर मंदिराला लागूनच. त्या लगबगीनं जाऊन दगड आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. गुरुजींनी दगड निरुपमापुढे ठेवला. "तूच लाव."

ती खाली बसली. दगडावर पाणी शिंपडून तिनं पातं तिरपं धरलं आणि घासू लागली. भोवती बायकांनी कडं केलं होतं. "अशी नको, जरा आडवी धर," कुणी सांगत होतं. "उलटून घास आता," दुसरी म्हणत होती. निरुपमाच्या मनात एकच विचार होता: पोलादच हलकं निघालं तर? नोकरी गेली, शब्द गेला, आणि उद्या याच बायकांना तोंड कसं दाखवायचं? तिचे हात भरून आले. अखेर तिनं पातं पुसलं, नवा टोमॅटो घेतला आणि सुरी ओढली.

चकती अलगद खाली पडली. पातळ, अखंड. दुसऱ्या, तिसऱ्या टोमॅटोचीही तशीच.

"चढली गं, धार चढली!" कुमुदवहिनी लहान मुलीसारख्या ओरडल्या, आणि सगळ्या मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. निरुपमाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

गुरुजी म्हणाले, "बाळ, नवी असताना प्रत्येकच सुरी कापते. पोलादाची परीक्षा होते ती धार गेल्यानंतर. जिला पुन्हा धार चढते आणि टिकते ती अस्सल. तुझी सुरी चांगली आहे. पण हे तुला आत्ता कळलं, आणि तू ग्वाही मघाच दिली होतीस. दुकानात माणूस वस्तू पाहून घेतो. तुझ्याकडून या बायका घेणार त्या तुझ्याकडे पाहून. म्हणून दुकानदारापेक्षा तुझी जबाबदारी मोठी."

निरुपमा पेटीकडे गेली आणि संचातली साल काढायची छोटी सुरी तिनं बाहेर काढली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी स्वतःच्या हातानं तिनं ती पायरीवर घासून बोथट केली आणि पुन्हा वहिनींच्या दगडाशी बसून धार लावली. पहिला टोमॅटो कापला गेला. दुसऱ्यालाच पातं सालीवरून घसरलं. तिनं अंगठ्यानं धार चाचपली. ती एका बाजूला मुडपली होती.

ती उठून उभी राहिली. मघाचा धावता आवाज आता नव्हता. पण शेवटच्या ओळीतल्या बाईलाही ऐकू गेलं.

"मोठी सुरी चांगली आहे. तिलाही अधूनमधून धार लावावी लागेल. ती कशी लावायची, हे मी शिकून तुमच्या घरी येऊन दाखवीन. ही छोटी मात्र घेऊ नका. मी ती विकणार नाही. संच घेतलाच पाहिजे असा कंपनीचा आग्रह असेल, तर मी कंपनीशी बोलेन."

काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पिशव्या आवरल्या. गलका आता उरला नव्हता. कुमुदवहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मला ती मोठी दे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, थोडा विचार करून..."

"मघाशी तू सगळंच चांगलं म्हणत होतीस, तेव्हा मी नुसती भुलले होते. आता एक वाईट म्हणालीस, तेव्हा दुसरीवर विश्वास बसला."

निरुपमानं गुरुजींकडे पाहिलं. ते प्रवचनासाठी आसनावर बसले होते आणि चष्मा पुसत होते. तिनं सुरी कापडात नीट गुंडाळून वहिनींच्या हाती दिली आणि बायकांच्या रांगेत, ऐकायला, जाऊन बसली.

आपणही रोज कशाची ना कशाची ग्वाही देत असतो. ती देण्याआधी एकदा पायरीपर्यंत जाऊन यावं.