पिसांची गादी

थंडीत गुडघाभर बर्फ पडतं अशा एका लांबच्या जंगलात, अक्रोडाच्या ढोलीत, एक खार आपल्या पिल्लाला घेऊन राहायची. ढोली लहान, पण कोरडी होती. पानगळ सुरू झाली की खार दिवसभर अक्रोड वेचायची आणि थंडीसाठी साठवायची. मुलांनो, ती आळशी होती म्हणून पुढे तिच्यावर वाईट वेळ आली, असं मुळीच समजू नका. ती राबणारी बाई होती.

त्या वर्षी कोल्ह्यानं जंगलात दुकान टाकलं. निळ्या पिसांच्या गाद्या, वेलींचे झोपाळे, चकचकीत गारगोट्यांच्या माळा! शेजारच्या उंदरिणीकडे गादी आलेली खारीनं पाहिली आणि तिच्या मनात सलायला लागलं. 'हिच्या पोरांनी पिसांवर लोळायचं, आणि माझ्या लेकरानं वाळक्या पाल्यावर?' ती तडक दुकानात गेली.

"न्या की ताई," कोल्हा म्हणाला. "आत्ता काही देऊ नका. अक्रोड पिकले की द्या. या खोडावर पंजाचा ठसा तेवढा उमटवा."

"आणि कमी पिकले तर?"

"तुमच्यासारख्या कष्टाळू बाईला काय कमी पडणार!" दर पौर्णिमेला दहा अक्रोडांवर एक चढेल, हेही त्यानं सांगितलं, पण तोंडातल्या तोंडात.

खारीनं ठसा उमटवला. गादी आली. मग गादीला शोभेल असा झोपाळा आला, मग दाराला माळ आली. ठसे वाढत गेले. पानगळीत कोल्हा पोती घेऊन आला, वेचलेले सगळे अक्रोड भरून घेतले आणि जाताना म्हणाला, "अजून थोडे राहिलेत हं, ताई."

बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू रडायचंही थांबलं, नुसतं पडून राहिलं. खार धावत दुकानात गेली. "दहा अक्रोड द्या हो. लेकरू उपाशी आहे."

"दहाच कशाला? वीस न्या! पुढच्या वर्षी चाळीस द्या. उमटवा ठसा." कोल्ह्यानं ढीग पुढे सरकवला. अक्रोड तिचेच होते. काहींवर तिच्याच दातांच्या खुणा होत्या.

तिनं पंजा उचलला, तेवढ्यात तिला मागे मान खाली घालून उभी असलेली उंदरीण दिसली.

"अगं, तू इथं? तुझं तर घर भरलेलं!"

"कसलं भरलेलं, खारूताई! तुमचा झोपाळा बघून मी झोपाळा घेतला. चार दिवस झाले, पोरांना झाडाच्या साली उकडून घालतेय."

"आणि मी तुझी गादी बघून गादी घेतली गं!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी हसू आलं, मग रडू. डोळे पुसून उंदरीण हळूच म्हणाली, "घरी पाइनच्या मूठभर बिया राखून ठेवल्यात. माझी चार, तुमचं पाचवं. पुरवून खाऊ. उद्यापासून दोघी मिळून बर्फ उकरून खाणं शोधू."

खारीनं पंजा खाली घेतला. "कोल्होबा, गादी, झोपाळा, माळ, सगळं आजच आणून टाकते. राहिलेले अक्रोड फेडीन. बुडवायची नाही मी. पण नवा ठसा मिळायचा नाही."

"मग झोपणार कशावर, ताई?"

"ते आमचं आम्ही बघू!"

संध्याकाळी उंदरीण पोरं घेऊन खारीच्या ढोलीत आली. सगळ्यांनी चार-चार बिया खाल्ल्या. खारीनं वाळका पाला पसरला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "बाळा, टोचतं का रे? गादीची आठवण येते?"

"गादीवर तू मला झोपू कुठं द्यायचीस, आई?" पिल्लू म्हणालं. "'मळेल, मळेल' म्हणायचीस."

खारीनं आपली झुपकेदार शेपटी पिल्लावर पांघरली. मग उंदरिणीची पोरंही एकेक करून शेपटीखाली शिरली, आणि खारीनं ती आणखी पसरून धरली.

तात्पर्य : शेजाऱ्याचं बघून उधारीवर घर सजवलं, तर लेकरांच्या तोंडचा घास जातो. आणि चूक झालीच, तर ती झाकायला आणखी उधार घेऊ नका; शेजाऱ्याला खरं सांगा, त्याचीही तीच गत असेल.