हिमालयाचा बिल्ला

मोटारसायकली किक मारूनच सुरू व्हायच्या, त्या काळची गोष्ट. साताऱ्याच्या विश्रामच्या जाकिटावर भरतकामाचे दोन कापडी बिल्ले होते, एक गोव्याचा आणि एक हंपीचा. तिथे गाडीवर जाऊन आल्यावरच त्याने ते शिवले होते. एकदा मात्र त्याने दुकानातून हिमालयाचा बिल्ला आणला आणि त्यांच्या शेजारी शिवून टाकला.

"तिकडे थंडी फार होती का रे?" हंपीच्या बिल्ल्याने विचारलं.

नवा बिल्ला गोंधळला. "मला तर फक्त दुकानातलं कपाट आठवतंय. पण मी हिमालयाचाच आहे ना?"

"मग तू खोटा!" गोव्याचा बिल्ला म्हणाला.

पुढे चहाच्या टपरीवर हिमालयाचा बिल्ला पाहून एका तरुणीने विश्रामला गाठलं. "काका, आम्ही उद्या हिमालयात निघालोय. तिथल्या घाटाआधी शेवटचा पेट्रोलपंप कुठे लागतो?"

विश्राम काहीतरी ठोकून देणार होता. पण ही पोर बर्फात अडकली तर, या विचाराने त्याची जीभ अडली. "मी गेलोच नाही गं," तो ओशाळून म्हणाला. "बिल्ला नुसता विकत घेतलाय."

ती हसली. "मग चला की आमच्याबरोबर!"

दुसऱ्या दिवशी विश्राम खरंच निघाला. नवा बिल्ला आणखीच गोंधळला. "म्हणजे आता मी खरा की खोटा?"

"ते तिथे पोचल्यावर बघू," हंपीचा बिल्ला म्हणाला. "वारा सुटलाय, आधी जाकीट घट्ट धर."