कावळ्यांना बंदी

विनायक खोतांना पाखरांचा भारी लळा. अंगणातल्या खांबावर त्यांनी दाण्यांची ताटली बसवली होती, पण चिमण्यांच्या आधी खारी आणि कावळेच ती फस्त करत. वैतागून खोतांनी धाकट्या भावाच्या विधवेला, सुभद्रेला, फर्मावलं, "चिमण्यांनाच मिळेल असं काहीतरी कर. फुकट्यांना माझ्या दारात थारा नाही."

त्याच घरात उरलंसुरलं जेवणाऱ्या सुभद्रेने मान डोलावली. तिने ताटलीभोवती तारेची जाळी विणली. तिच्यातून चिमणी आत शिरे, कावळा बाहेरच राही. खांबाला पत्र्याचं उलटं नरसाळं बसवलं, त्यावरून खारी घसरून पडत. शिवाय खोत स्वतः गलोल घेऊन बसत. हळूहळू त्या अंगणात कावळा फिरकेनासा झाला.

मग खोतांच्या आईचं वर्षश्राद्ध आलं. कावळ्यासाठी पान वाढून अंगणात ठेवलं. ऊन कललं, पाहुणे उपाशी ताटकळले, तरी कावळा येईना.

खोत हात जोडून म्हणाले, "आई, जी इच्छा राहिली असेल ती पुरी करतो." तरी काही हलेना. तेव्हा ते सुभद्रेकडे वळले. "शेवटी तूच तिच्यापाशी होतीस. काय राहिलं तिचं?"

सुभद्रेला आठवलं, सासूबाईंनी पुन्हा भात मागितला की खोत म्हणत, बसून खाणाऱ्याला एवढं पुरे.

"इच्छा काही राहिली नाही, भावजी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुमच्या दारात जेवण मागायचं नाही, हे सासूबाई जिवंतपणीच शिकल्या होत्या. कावळे यंदा शिकले."