इंदूताईचा शिंपल्यासारखा चेहरा

खाडीच्या काठी, माडांच्या सावलीत एक इवलंसं घर होतं. घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर झावळ्यांचं छप्पर! तिथे छोटी शेवू राहायची, तिची आई राहायची आणि मोठी बहीण इंदूताई. आई माडाच्या झावळ्यांतून हीर काढून त्यांच्या केरसुण्या बांधून विकायची. केरसुण्या खपल्या तर भातावर आमटी, नाही खपल्या तर नुसती पेज. पण शेवूला पेजेचं दुःख नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं.

तिची इंदूताई हसेनाशी झाली होती.

ताई वयात आली आणि तिच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर लाल लाल पुळ्या उठल्या. आई म्हणाली, "या वयात येतात मुरुमं. जातील आपोआप." पण ती जाईनात. एक पुळी सुकली की शेजारी दुसरी फुगायची. विहिरीवर कुणी म्हणे लिंबू चोळ, कुणी म्हणे राख लाव. वाडीतली पोरं तर तिला "फणस, फणस" म्हणून चिडवायची. ताई लिंबू चोळायची, नखांनी पुळ्या फोडायची, मग रडायची. शेवटी तिने जत्रेतल्या फेरीवाल्याकडून एक जालीम मलम आणलं. "एका दिवसात चेहऱ्याचा आरसा!" असं तो ओरडत होता. मलम लावलं आणि गालांची आग आग झाली. कातडीचे पापुद्रे निघाले. पुळ्या होत्या तिथेच राहिल्या, उलट जास्तच लाल झाल्या.

तेव्हापासून ताई घराबाहेर पडेना. तिची मैत्रीण सगुणा तेवढी रोज संध्याकाळी यायची. ताई दार उघडायची नाही. मग सगुणा उंबऱ्याबाहेर दाराला पाठ टेकून बसायची आणि गावभरच्या गमती सांगत राहायची. सांगता सांगता आतून कधी "खुद्" असा दबल्या हसण्याचा आवाज आला की मगच उठायची.

एका सकाळी शेवू रानात बकुळीची फुलं वेचायला गेली. कोवळं ऊन पानापानांतून झिरपत होतं. दव चमचमत होतं. इतक्यात तिला बारीक, चांदीच्या घुंगरासारखं रडू ऐकू आलं. पाहते तर काय! फणसाच्या खोडाला पांढरा चीक लागला होता आणि त्या चिकात एक पिटुकली परी अडकली होती. तिचे पंख निळसर, हिरवट, गुलाबी. चतुराच्या पंखांहून नाजूक. ती जितकी धडपडे, तितके पंख जास्त चिकटत.

"हलू नकोस गं," शेवू म्हणाली. "ओढलंस तर फाटतील."

शेवूच्या वेणीला खोबरेल लावलेलं होतं. तिने बोटांवर ते तेल घेतलं आणि हळूहळू, पुसत पुसत, चीक सोडवायला बसली. ऊन डोक्यावर आलं. फुलं वेचायची राहून गेली. पण तिने घाई केली नाही. अखेर पंख सुटले, आणि परी भुर्रकन उडून तिच्या नाकासमोर थरथरत थांबली. सगळीकडे सोनेरी भुकटी उधळली.

"माझ्या गुणी बाळा," परी म्हणाली, "तुला मी दोन इच्छा देते. पण नियम नीट ऐक. सावकाश फळणारी इच्छा मागितलीस, तर तिचं काही द्यावं लागत नाही. आत्ताच्या आत्ता फळणारी मागितलीस, तर ती आपली किंमत आपणच वसूल करते. काय ते मलाही ठाऊक नसतं. आणि दुसऱ्या इच्छेने पहिली मोडता येते. मधे गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत."

शेवूने ऐकलं, पण अर्धंच. तिच्या डोळ्यांसमोर ताईचे भाजलेले गाल होते.

"आत्ताच्या आत्ता!" ती म्हणाली. "माझ्या इंदूताईचा चेहरा गुळगुळीत होऊ दे! एक पुळी नको, एक डाग नको!"

परीचे पंख क्षणभर मलूल झाले. "तुझ्या ताईला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? तिलाही हेच हवंय!"

परीने बोट फिरवलं.

शेवू धावत घरी आली, तर दार सताड उघडं! अंगणात ताई उभी. तिचा चेहरा आतून पाहिलेल्या शिंपल्यासारखा झाला होता: गुळगुळीत, शुभ्र, मोतिया. आईच्या हातून केरसुणी गळून पडली. चिडवणारी पोरं आ वासून बघत राहिली. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "इंदू, काय लावलंस गं?"

शेवूला आभाळ ठेंगणं झालं. पण दुपारी तिने ताईला एक गंमत सांगितली. ताई म्हणाली, "छान आहे गं." तिचा चेहरा मात्र हलला नाही. ओठ हलले, तेवढेच. गालावर खळी पडली नाही. वारा आला, तो तिला गालांवर कळला नाही. आईने मायेने गालावरून हात फिरवला, तोही नाही.

"सवय होईल," शेवूने स्वतःला समजावलं. आपण काहीतरी चुकलोय हे तिला आतून कळत होतं, पण ते कबूल करायला तिचं मन धजेना. असेच दिवस गेले.

आणि सगुणाचं लग्न ठरलं, खाडीपलीकडच्या लांबच्या गावात. लग्न लागलं. नवरीला न्यायला रंगीत पताकांची होडी आली. सगळं गाव धक्क्यावर जमलं, आणि सगुणा रडत रडत इंदूच्या गळ्यात पडली.

"इंदे, चालले गं मी."

इंदूला हुंदका द्यायचा होता. पण शिंपल्यासारखा चेहरा तसाच शांत, चकचकीत. एक थेंबसुद्धा आला नाही.

सगुणाने मागे सरून तिच्याकडे पाहिलं. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं गं! खूप वाटतं!"

"दिसतंय ते," सगुणा हळूच म्हणाली. "रूप आलं, आता मैत्रीण कशाला हवी!" ती होडीत बसली. होडी लांब गेली, पताका ठिपक्याएवढ्या झाल्या. तिने वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर इंदू कोपऱ्यात बसली. "शेवू," ती म्हणाली, "मला रडायचंय. मला रडताच येत नाहीये."

मग शेवूने तिला सगळं सांगितलं: फणस, परी, इच्छा. "मी तुला विचारलंच नाही, ताई. आता विचारते. तुला काय हवंय?"

इंदूने आपल्या बधिर गालांवर हात ठेवला. "माझा चेहरा," ती म्हणाली. "पुळ्यांसकट."

शेवू रानात गेली. परी फणसाच्या पानावर बसली होती, जणू वाटच पाहत होती. शेवूने दुसरी इच्छा मागितली. परीने बोट फिरवलं. तिकडे घरी इंदूताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आणि पुळ्या गं?" शेवूने भीत भीत विचारलं. "माझ्या इच्छा तर संपल्या."

"इच्छा संपल्या, शहाणपण नाही संपलं," परी म्हणाली. "माझे पंख तू ओढलेस का? मग त्या बिचाऱ्या कातडीला ओरबाडायचं कशाला? साध्या पाण्याने हलक्या हाताने तोंड धुवायचं, जुन्या मऊ सुती कापडाने टिपायचं. नखं लावायची नाहीत. उशीचा अभ्रा स्वच्छ ठेवायचा. नाचणीची भाकरी, पालेभाजी, पोटभर पाणी. शांत झोप. आणि घरात कोंडून घ्यायचं नाही. कुढणारं मन कातडीलाही कुढायला लावतं. एवढं करूनही दुखऱ्या गाठी राहिल्या, तर पलीकडच्या वाडीतल्या वैद्यबाईंकडे जायचं. त्या बघून, तपासून औषध देतील. जत्रेतलं मलम मात्र नको. सगळ्याला वेळ लागेल हं."

"किती?"

"कातडीला लागेल तितका."

वेळ लागला. पाऊस आला आणि गेला. कधी पुळ्या कमी होत, कधी पुन्हा उठत. तशा वेळी ताई रागाने भांडं आपटायची. शेवू तिच्याजवळ बसायची. मग दोघी मिळून परसात नाचणी पाखडायच्या. दोन-तीन गाठी हट्टी होत्या. त्यांच्यासाठी वैद्यबाईंकडे जावं लागलं. थंडी सरता सरता ताईचे गाल निवळले. काही फिकट डाग उरले, मावळत्या चांदण्यांसारखे. आणि ताई पुन्हा हसू लागली.

हसली की तिला सगुणा आठवायची.

पावसात होड्या बंद होत्या. नंतर नावाड्याबरोबर पाठवलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही. शेवटी दोघी बहिणी स्वतःच होडीत बसल्या. सगुणाने दार उघडलं. इंदूचा रडवेला चेहरा पाहिला आणि तिला घट्ट मिठी मारली. शेवूने रडत रडत सारं सांगितलं. सगुणाने तिचे डोळे पुसले. "आता राग नाही माझा," ती म्हणाली. "पण त्या दिवशी होडीत मी फार एकटी होते गं. पाठवणी एकदाच होते."



परत आल्यावर शेवू एका सोनसळी सकाळी रानात गेली. बकुळी पुन्हा फुलली होती. परी तिच्या तळव्यावर अलगद उतरली.

"तू चूक मान्य केलीस, आणि ताईपाशी बसून राहिलीस," ती म्हणाली. "म्हणून एक बक्षीस देते. तुझ्या मनात सगुणाबद्दल जे टोचतंय, ते काढून घेऊ?"

शेवूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला "हो" म्हणावंसं वाटलं. फार वाटलं.

"नको," ती म्हणाली. "ते असू दे. ते असलं, की मी कुणासाठी काही करण्याआधी त्याला विचारीन."

परीने तिच्या कपाळावर आपले चिमुकले ओठ टेकवले. "मग तुला माझी गरज नाही, बाळा." तिच्या पंखांतून आधी गुलाबी, मग केशरी, मग शुभ्र उजेड फाकला. तो बकुळीच्या फुलाफुलांत शिरला, पानापानांवर लखलखला आणि विरून गेला.

शेवू तिथेच उभी राहिली. तळव्यावर अजून थोडी ऊब होती. खाली खाडीत एक होडी पलीकडे निघाली होती, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत शेवू तिला हात हलवत राहिली.