दोराचं दुसरं टोक

"मग हत्तीला नाही म्हणायचंच कशाला होतं, बुवा?"

हैबती तावातावानं विचारत होता. धुंडीबुवा मठाच्या कट्ट्यावर बसले होते.

अंगणात घंटा पडली होती. गावानं आपले फुटके तांबे, चेपलेल्या पराती दिल्या आणि त्यातून ती ओतली. आता इनामदार म्हणतो, तिच्यावर नाव माझं कोरा, माझा हत्ती ती क्षणात वर चढवील. नाव नसेल तर गावातल्या कुणी दोराला हात लावायचा नाही!

बुवांनी साफ नकार दिला होता. गाव भेदरून लांब उभं होतं. ओढायला उरला एकटा हैबती, बुवांचा चेला.

"तुम्ही बसल्या जागी नाही म्हणायचं, अन् जीव माझा जायचा!"

"जमेल तुला."

जमेल म्हणजे काय! आखाड्यात भल्याभल्यांना लोळवलेला गडी तो. त्यानं घंटेच्या वरच्या आडव्या तुळईला कप्पी टांगली, दोर ओवला आणि सगळा जोर लावला.

घंटा हलली नाही. हैबतीचेच पाय जमिनीवरून सुटले!

भेदरलेलं गावसुद्धा खो खो हसलं. हैबती इरेला पेटला. त्यानं दुसरी कप्पी आणली आणि तीही वरच, पहिलीच्या शेजारी टांगली. पुन्हा तोच तमाशा.

"दोन्ही वर कशाला रे?"

"कप्पीची जागा वरच असते, बुवा!"

"एक खाली आण. घंटेला बांध. दोराचं एक टोक तुळईला पक्कं कर, दोर खालच्या कप्पीतून वर ने आणि वरच्या कप्पीवरून हातात घे... अर्धं ओझं तुळई पेलेल."

हैबतीनं धुसफुसत तसं केलं. ओढलं.

घंटा उठली!

पण दोन हात दोर ओढावा तेव्हा ती कुठे हातभर वर जाई. हैबतीचे तळवे सोलवटून निघाले. तेवढ्यात इनामदारांचे कारभारी घोड्यावरून आले आणि थेट कट्ट्यापाशी थांबले.

"बुवा, उठा. थांबवा हे. नाहीतर मठाची जमीन गेली म्हणून समजा."

"जाऊ दे," बुवा म्हणाले. ते उठले नाहीत.

हैबतीनं ते ऐकलं. मठाची जमीन म्हणजे बुवांची भाकरी.

कारभारी त्याच्याकडे वळले. "सोड रे दोर. हत्ती आणवतो."

"हत्तीला म्हणावं, ऊस खा अन् गप पड!" हैबती ओरडला, आणि पुन्हा ओढू लागला.

घंटा तुळईपाशी पोचली. आता ती तुळईच्या आकड्यात कोण अडकवणार? दोर सोडता येईना. गर्दीतून म्हादू सुतार शिडी घेऊन पुढे आला, वर चढला आणि त्यानं घंटेची साखळी आकड्यात घातली.

"म्हादू!" कारभारी गरजले.

"दोराला कुठे हात लावलाय मी?" म्हादू वरूनच म्हणाला, आणि त्यानं घंटेचा लोलक असा काही हाणला की घोडं बुजलं.

कारभाऱ्यांनी घोडं आवरलं. मग हैबतीजवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, "राबलास तू. रक्त तुझं सांडलं. बुवा तर जागचे हललेसुद्धा नाहीत. सोड त्यांना, वाड्यावर ये. घंटेवर तुझं नाव कोरायला लावतो."

सकाळी हैबती स्वतः हेच तर बोलला होता. आता तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला शरम वाटली. त्यानं बुवांकडे पाहिलं...

बुवा तिथेच बसले होते. त्यांनी तुळईकडे बोट केलं.

"दोराचं दुसरं टोक बघा, कारभारी. तेही जागचं हललं नाही."