झुमायचा घोट

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या आंबेदऱ्यात झुमाय नावाची बाई होती. चावडीत पंच राजाच्या भाषेत बोलायचे, लोक डोंगरच्या बोलीत. मधे बसून झुमाय इकडचं तिकडे पोचवायची. असं म्हणतात, की तिच्या तोंडून गेलेला शब्द वाटेत कधी सांडला नाही.

राजाला वाटलं, आता हिची गरज काय? ते बघायला त्यानं सदोबा कारकुनाला पाठवलं. गरज नसेल, तर झुमायनं चावडीतून उठायचं.

सदोबानं गाव जमवलं आणि राजाच्या भाषेत विचारलं, "तुम्हाला बोलीची गरज आहे का?" ज्यांना कळलं ते पंचांकडे बघून नाही म्हणाले. ज्यांना कळलं नाही ते नुसते हसले. मग त्यानं झुमायला तेच बोलीत विचारायला लावलं. सगळे आहे म्हणाले. सदोबा गोंधळला. ही बाई पदरचं घालत नसेल ना? मग तो घरोघर फिरला. तिथं त्याला ताक मिळालं, उत्तर नाही.

"झुमाबाई, खरं कोणतं धरू?"

"नव्या सुनेला सासूसमोर विचारा, भूक लागली का. काय म्हणेल?"

"नाही म्हणेल."

"आणि तुम्ही लिहून घ्याल, सून जेवत नाही."

"मग विचारू तरी कसं?"

"विचारूच नका." तिनं त्याला पाण्याचा घोट तोंडात धरायला लावला. "गिळायचा नाही, थुंकायचा नाही. चावडीत जाऊन बसा. आज मी येत नाही."

त्या दिवशी सुक्याआजाच्या बैलाचा निवाडा होता.

"बैल चोरीचा का?" पंचांनी राजाच्या भाषेत विचारलं. आजा हसून हो म्हणाला.

"म्हणजे तुझा नाही?"

"हो."

बैल सोडून नेऊ लागले, तेव्हा आजानं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि बोलीत बोलत सुटला. सदोबाला एक शब्द कळेना. काहीतरी फार चुकतंय एवढं कळलं, आणि तोंड तर भरलेलं. असं म्हणतात, तो घोट खारट झाला. शेवटी त्यानं तो टाकला, ओरडला, "थांबा, झुमायला बोलवा." घोट पडला तिथं झरा फुटला. काही म्हणतात, झरा आधीपासूनच होता. कोण जाणे.

बैल आजाकडे राहिला, झुमाय चावडीत.

आजही आंबेदऱ्यात तक्रार सांगणारा आपल्या बोलीत सांगतो, आणि त्याचं संपेपर्यंत पंच झुमायचा घोट तोंडात धरून बसतात. अधूनमधून शहरातून कुणी येतं, बोलीची गरज आहे का म्हणून शहरी भाषेत विचारतं. गाव नाही म्हणतं. पंचांना विचारावं, तर त्यांना बोलता येत नसतं.